पाणी तुंबणं, उष्णता, हिरवाई: शहर नियोजनातला जीआयएस नकाशा कुठे खरा असतो आणि कुठे फसतो

प्रश्न थोडक्यात असा आहे: शहराच्या नियोजन विभागात पाणी तुंबणं, वाढती उष्णता आणि घटती झाडी या तिन्हींसाठी जीआयएस, म्हणजे ठिकाणांची माहिती नकाशावर थराथरानं मांडून तपासण्याची संगणकीय पद्धत, वापरायची आहे. सॉफ्टवेअर कोणतं घ्यावं, डेटा कुठून आणावा, सुरुवात कशी करावी? आणि मोफत उपग्रह डेटावरून केलेला पाणी तुंबण्याचा नकाशा प्रत्यक्षात तुंबणाऱ्या जागांशी जुळत का नाही?

सॉफ्टवेअरचा प्रश्न सर्वांत सोपा आहे, तो आधी मिटवू. क्यूजीआयएस मोफत आहे, ग्रास आणि सागा या दुसऱ्या मोफत जीआयएस सॉफ्टवेअरची साधनं त्यातूनच वापरता येतात, आणि शहर पातळीच्या बहुतेक कामाला ते पुरतं. कार्यालयात आर्कजीआयएस प्रो असेल तर तेही चालेल. अनेक वर्षांच्या उपग्रह चित्रांची मालिका चाळायची असेल तर ती संगणकावर उतरवत बसू नका, गूगल अर्थ इंजिनवर काम करा. गटारांमधून वाहणाऱ्या पाण्याच्या गणिताला एसडब्ल्यूएमएम आणि नदी-नाल्याच्या पुराला एचईसी-रास, ही दोन्ही मोफत आहेत. सॉफ्टवेअर बदलल्यानं उत्तर फारसं बदलत नाही. उत्तर बदलतं ते डेटा किती बारीक आणि किती अचूक आहे यावरून.

म्हणून डेटा शोधण्याआधी निर्णय कागदावर लिहा. "उष्णतेचा अभ्यास" हा निर्णय नव्हे. "कोणत्या पाच वस्त्यांत आधी झाडं लावायची", "ही मोरी (रस्त्याखालून पाणी जाण्याची बांधीव वाट) मोठी करायची की वरच्या अंगाला साठवण तळं करायचं" हे निर्णय आहेत. त्यातून दोन गोष्टी ठरतात. पहिली, निर्णयाचं सर्वांत लहान एकक कोणतं: रस्ता, भूखंड, वस्ती की अख्खा प्रभाग? त्या एककात डेटाचे दहा-वीस पिक्सेल, म्हणजे चित्राचे चौकोनी ठिपके, पूर्ण बसत नसतील, तर तो डेटा त्या निर्णयाच्या कामाचा नाही. १५ मीटर रुंदीचा रस्ता ३० मीटरच्या पिक्सेलमध्ये दिसतच नाही, त्याची शेजारच्या इमारतींशी सरासरी होते. दुसरी, ज्या फरकावर निर्णय ठरणार तो फरक डेटाच्या चुकीपेक्षा मोठा हवा. पुढे जे सांगतो आहे ते बहुतेक या दोन कसोट्यांचंच आहे.

आता पायाभरणी. सगळे थर एकाच मीटरवर चालणाऱ्या प्रोजेक्शनमध्ये, म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडण्याच्या पद्धतीत, आणा. साधारणपणे तुमच्या रेखांशाचा यूटीएम पट्टा. पट्टा ६ अंश रुंद असतो. ईपीएसजी क्रमांक, म्हणजे प्रोजेक्शनचा ओळख क्रमांक, उत्तर गोलार्धात ३२६ने आणि दक्षिण गोलार्धात ३२७ने सुरू होतो, शेवटचे दोन अंक पट्ट्याचे. अक्षांश-रेखांशाच्या ईपीएसजी ४३२६मध्ये एकक अंश असतं, तिथे ३०० मीटरचा बफर (भोवतालचा पट्टा) काढायला गेलात तर सॉफ्टवेअर ३०० अंशांचा काढू पाहतं. ही चूक निदान लगेच दिसते. वेब मर्केटरची, म्हणजे ईपीएसजी ३८५७ची, चूक दिसत नाही. त्यात एकक मीटरच लिहिलेलं असतं, पण २० अंश अक्षांशावर क्षेत्रफळ सुमारे १३ टक्के जास्त भरतं, ४५ अंशांवर दुप्पट. पार्श्वभूमीला वेब नकाशा टाकला की प्रकल्प कित्येकदा आपोआप ३८५७मध्ये जातो, आणि कोणी हिरवळीचं क्षेत्रफळ त्यातच मोजतं. आणखी एक: थराला नवं प्रोजेक्शन "नेमून देणं" वेगळं आणि थर "रिप्रोजेक्ट करणं" वेगळं. पहिल्यानं फक्त पाटी बदलते, आकडे तसेच राहतात.

थर साठवायला शेपफाइल हा फाइल-प्रकार शक्यतो टाळा, जिओपॅकेज हा प्रकार वापरा. मराठी माहिती ठेवणाऱ्यांना तर हे जास्तच लागू आहे. शेपफाइलमध्ये रकान्याचं नाव १० बाइटपर्यंतच असतं, आणि यूटीएफ-८ या अक्षर-संकेतात देवनागरीचं एक चिन्ह ३ बाइट घेतं. म्हणजे नावात जेमतेम तीन चिन्हं बसतात, त्यात काना-मात्राही मोजले जातात. मजकुराचा रकाना २५४ बाइटचा, म्हणजे सुमारे ८४ चिन्हं. लांब पत्ता मध्येच तुटतो. अक्षर-संकेत सांगणारी सोबतची .सीपीजी फाइल हरवली तर सगळी अक्षरं भलतीच चिन्हं होऊन येऊ शकतात. सीमारेषांचे थर हाती आले की पहिल्यांदा "फिक्स जिऑमेट्रीज" चालवा. त्यानं एकेका आकारातले दोष जातात, शेजाऱ्यांच्या सीमा मात्र वेगळ्या तपासाव्या लागतात: दोन प्रभागांच्या सीमा एकमेकींवर चढलेल्या किंवा मध्ये फट राहिलेली असेल तर पुढच्या प्रत्येक बेरजेत ती चूक शिरते.

पाणी तुंबण्याचा नकाशा का जुळत नाही

मोफत मिळणारे उंचीचे रास्टर (पिक्सेलांची जाळी), म्हणजे डीईएम, शहरासाठी बनलेलेच नाहीत. एसआरटीएम या डीईएमची मोजणी फेब्रुवारी २०००मध्ये अवकाशयानावरच्या रडारनं ११ दिवसांत झाली. कोपर्निकसचा ३० मीटरचा डीईएम टॅनडेम-एक्स उपग्रहांच्या २०११ ते २०१५ या काळातल्या मोजणीवर उभा आहे. दोन्हींत रडारला जे वरून दिसलं त्याची उंची आहे: छपरं, झाडांचे शेंडे, उड्डाणपूल. चार मजली इमारतींच्या दाट वस्तीत अरुंद रस्त्याचा पिक्सेल छपरांच्या उंचीला ओढला जातो आणि ती वस्ती टेकडीसारखी दिसते. मग सॉफ्टवेअर पाणी टेकडीवरून खाली उतरवतं आणि मैदानं, बागा, रुंद चौक हे "सखल भाग" ठरतात. प्रत्यक्षात पाणी नेमकं त्या दाट वस्तीच्या गल्लीत उभं असतं. तुमचा नकाशा उलटा दिसत असेल तर बहुधा कारण हेच आहे. फॅबडेम या डीईएममध्ये इमारती आणि झाडं गणितानं काढून टाकलेली आहेत. तो यापेक्षा बरा, पण इमारतींखालची जमीन त्यातही अंदाजानंच येते, आणि व्यावसायिक कामासाठी त्याचा परवाना वेगळा पाहावा लागतो.

दुसरं कारण सपाटपणाचं. समजा रस्त्याचा उतार ५००ला १ आहे. एका किलोमीटरमध्ये रस्ता २ मीटर उतरतो. एसआरटीएममध्ये उंची पूर्ण मीटरमध्येच नोंदलेली असते, म्हणून ३० मीटरच्या सुमारे ३३ पिक्सेलमध्ये ती दोन पायऱ्या दाखवते आणि बाकी सगळं सपाट. त्या सपाट भागात पाणी कुठे वळेल हे सॉफ्टवेअर स्वतःच्या नियमानं ठरवतं, जमिनीच्या उतारानं नव्हे. त्यावर पुन्हा मोजणीची कित्येक मीटरची चूक. जिथे घोटाभर आणि गुडघाभर पाण्यातला फरक ३० सेंटिमीटरचा आहे, तिथे हा डेटा काहीच सांगू शकत नाही. डोंगर उताराच्या शहरात पाणलोट आखायला मात्र हाच डेटा चांगला चालतो.

मग उंची आणायची कुठून? लायडारचा, म्हणजे लेसरनं मोजलेला, १ मीटरचा डीटीएम (उघड्या जमिनीच्या उंचीचा नकाशा) मिळाला तर प्रश्न सुटतो. फक्त तो खरोखर जमिनीचा आहे की छपरं-झाडांसकट पृष्ठभागाचा, हे आधी विचारा. ड्रोनची छायाचित्रमोजणी करत असाल तर जमिनीवर नीट मोजलेले नियंत्रण बिंदू हवेत, ते सगळ्या भागात पसरलेले हवेत, आणि काही बिंदू मोजून बाजूला ठेवून त्यांच्यावर शेवटी तपासणी करायला हवी. झाडांखालचा रस्ता ड्रोनला दिसत नाही, तिथे माणसानंच लेव्हल, म्हणजे उंची, मोजून घ्यावी. आणि यातलं काहीच नसेल तर एक खजिना जवळजवळ प्रत्येक शहराकडे पडून असतो: सांडपाण्याच्या आणि पावसाळी गटारांच्या जुन्या आराखड्यांवर प्रत्येक मॅनहोलच्या झाकणाची लेव्हल आणि तळाची, म्हणजे इन्व्हर्ट लेव्हल, लिहिलेली असते. झाकण रस्त्याच्याच पातळीला असतं. दर ३० मीटरवर एक मॅनहोल धरला तर रस्त्यांची बऱ्यापैकी घट्ट उंचीची जाळी फुकट हाती येते. दहा-वीस झाकणं पुन्हा मोजून पाहा, कारण डांबराचे थर चढून रस्ते उंच झालेले असतात. फरक सगळीकडे सारखाच निघाला तर आराखड्याचा बेंचमार्क (उंची जिथून मोजली तो आधारबिंदू) वेगळा आहे. वेडावाकडा निघाला तर तो डांबराचा.

बेंचमार्कवरून आठवण: जीएनएसएस (जीपीएससारख्या उपग्रहांवर चालणारं) यंत्र उंची पृथ्वीच्या गणिती लंबवर्तुळी पृष्ठभागापासून देतं, समुद्रसपाटीपासून नाही. या दोहोंतलं अंतर जगात ठिकठिकाणी उणे १०६पासून अधिक ८५ मीटरपर्यंत बदलतं. एसआरटीएम ईजीएम९६ला आणि कोपर्निकस ईजीएम२००८ला बांधलेला आहे, ही समुद्रसपाटीची दोन वेगळी प्रारूपं आहेत. स्रोत एकत्र करण्याआधी सगळ्यांची उभी पातळी एक करा, नाहीतर दोन थरांच्या सांध्यावर खोटा कडा उभा राहतो.

डीईएम शहराच्या हद्दीवर कापू नका. पाणी हद्द पाहून येत नाही. आधी वरच्या पाणलोटासकट मोठा तुकडा घ्या, पाणलोट आखा आणि मग त्यानुसार कापा. पुढचं काम मोऱ्यांचं, आणि सर्वाधिक वेळ इथेच द्यायला हवा. रेल्वेचा किंवा महामार्गाचा भराव डीईएममध्ये धरणासारखा दिसतो, कारण त्याखालची मोरी वरून दिसत नाही. सॉफ्टवेअरला "खड्डे भरा" सांगितलं की ते भरावामागे भरावाच्या उंचीइतकं खोटं तळं भरतं आणि पाणी भलत्याच दिशेनं वळवतं. त्यासाठी प्रत्येक मोरी आणि पुलाखाली प्रवाहाच्या दिशेनं छोटी रेषा काढा, त्या रेषेवरचे पिक्सेल मोरीच्या तळाच्या लेव्हलपर्यंत खाली आणा, आणि त्यानंतर खड्डे भरण्याऐवजी खोदून वाट करणारी पद्धत वापरा. व्हाइटबॉक्स या साधनसंचात त्यासाठी "ब्रीच डिप्रेशन्स लीस्ट कॉस्ट" आहे. ग्रासच्या आर.वॉटरशेडला खड्डे आधी भरून द्यावे लागत नाहीत. मोऱ्यांची यादी कार्यालयात नसेल तर नाल्याची रेषा आणि रस्त्याची रेषा जिथे एकमेकींना छेदतात ते बिंदू काढा. ती तुमची पाहणीची यादी झाली.

वरच्या किती भागाचं पाणी एका पिक्सेलमध्ये येतं तो प्रवाह-संचय. तो किती झाला की नाला धरायचा, हा उंबरठा पिक्सेलच्या संख्येत ठरवू नका, क्षेत्रफळात ठरवा. ३० मीटरच्या डीईएममध्ये १००० पिक्सेल म्हणजे ९० हेक्टर. तोच आकडा १ मीटरच्या लायडारवर ठेवला तर होतो ०.१ हेक्टर, आणि शहरभर केसांसारखे नाले उगवतात. उंबरठा बरोबर आहे का हे ठरवायचं प्रत्यक्ष नाल्यांच्या उगमाशी ताडून.

सखल जागा शोधायला मात्र फक्त मोऱ्या कापलेल्या डीईएमची खड्डे भरलेली प्रत काढा आणि तिच्यातून तोच न भरलेला डीईएम वजा करा. उरतं ते खऱ्या सखल जागांचं खोलीचं चित्र. त्यातले अगदी उथळ आणि इवलेसे डबके गाळा. लायडार असेल तर १५ सेंटिमीटर खोली आणि १०० चौरस मीटर ही सुरुवातीची चाळणी ठीक असते. हा नकाशा "इथे पाणी साठू शकतं" एवढंच सांगतो. किती पाऊस पडला की साठेल, हे त्यात नाही.

त्यासाठी वाहून येणारं पाणी काढावं लागतं. शहरात सीएन (कर्व्ह नंबर) पद्धत सोपी पडते: जमिनीचा वापर आणि मातीचा गट यांवरून प्रत्येक तुकड्याला सीएन क्रमांक द्यायचा (मोठा क्रमांक म्हणजे जास्त पाणी वाहणार), मग एस, म्हणजे जमिनीची पाणी धरण्याची क्षमता, = २५४००/सीएन − २५४, आणि वाहणारं पाणी = (पाऊस − ०.२ एस)² ÷ (पाऊस + ०.८ एस), सगळं मिलिमीटरमध्ये. इथे एक चूक फार सर्रास होते: अख्ख्या पाणलोटाचा सरासरी सीएन काढून सूत्र एकदाच लावणं. उदाहरण पाहा. अर्धा भाग काँक्रीट, सीएन ९८. अर्धा मोकळी जमीन, सीएन ६०. पाऊस ५० मिलिमीटर. सरासरी सीएन ७९ धरला तर वाहणारं पाणी १२.८ मिलिमीटर निघतं. दोन्ही भागांचं वेगवेगळं काढलं तर काँक्रीटवरून ४४.३ आणि जमिनीवरून १.४, म्हणजे सरासरी २२.८. पाऊणपटीहून जास्त फरक, आणि तोही धोक्याच्या बाजूला! सूत्र वक्र असल्यामुळे सरासरी आधी घेतली की काँक्रीटचा दणका विरून जातो. जीआयएस हाताशी असताना प्रत्येक तुकड्याला सूत्र लावायला एक मिनिटही लागत नाही. काँक्रीटवरचं पाणी थेट गटारात न जाता मोकळ्या जमिनीवर उतरत असेल तर खरं उत्तर २२.८पेक्षा कमी असतं. म्हणून छपरांचे पाइप कुठे सुटतात हे पाहणीत नोंदवा.

दोन गोष्टी डीईएमला कधीच कळत नाहीत. एक, जमिनीखालचं गटार. त्याला एसडब्ल्यूएमएमसारखं प्रारूप लागतं आणि त्यात व्यास, इन्व्हर्ट आणि गाळ भरावा लागतो. दुसरी, गटाराच्या तोंडाशी नदीची किंवा भरतीची पातळी. तोंड बुडालं की वरचं गटार कितीही मोठं असलं तरी पाणी उलटं येतं. तपासणीसाठी सेंटिनेल-१ उपग्रहाची रडार चित्रं वापरण्याचा मोह होतो. मोकळ्या शिवारात पाणी त्यात काळंभोर आणि स्पष्ट दिसतं. दाट वस्तीत मात्र पाण्यावरून आणि भिंतीवरून दोनदा परावर्तन होऊन तेच पाणी उजळ दिसतं, शिवाय उपग्रह वरून जाईपर्यंत रस्त्यावरचं पाणी बहुधा ओसरलेलं असतं.

उष्णतेचा नकाशा

लँडसॅट ८ आणि ९ हे उपग्रह मिळून दर ८ दिवसांनी एक चित्र देतात. कलेक्शन २, लेव्हल २ मधला पृष्ठतापमानाचा पट्टा (बँड) घ्या, आकड्याला ०.००३४१८०२ने गुणा, १४९ मिळवा, म्हणजे केल्विन, त्यातून २७३.१५ वजा केले की अंश सेल्सिअस. पिक्सेलचा आकडा ४५००० असेल तर २९.७ अंश येतात. उत्तर भलतंच आलं तर लेव्हल १ची फाइल उतरवली गेली आहे का ते पाहा. ढगांसाठी क्यूए (पिक्सेलचा दर्जा सांगणारा) पट्टा वापरून ढग आणि त्यांच्या सावल्या दोन्ही काढा. एका तारखेच्या चित्रावर काहीच ठरवू नका. आदल्या दिवशीची एक सर सगळा क्रम उलटा करू शकते. एकाच ऋतूतली, तीन वर्षांची, स्वच्छ चित्रं घ्या आणि प्रत्येक पिक्सेलचा मध्यक काढा.

आता मर्यादा. चित्र ३० मीटरचं मिळतं, पण उष्णतेची मूळ मोजणी १०० मीटरची आहे. रस्त्याकडेच्या झाडांच्या एका रांगेचा परिणाम त्यात शोधू नका. हे तापमान पृष्ठभागाचं आहे, हवेचं नाही. दोहोंत दुपारी दहा-वीस अंशांचाही फरक पडतो. उपग्रह साधारण सकाळी दहाच्या सुमारास जातो, तेव्हा कोरडी उघडी शेतजमीन शहराच्या मध्यापेक्षा जास्त तापलेली असते, आणि नकाशात शहरच थंड दिसतं. तो दोष नाही, भौतिकशास्त्र आहे. काँक्रीट उष्णता साठवतं आणि रात्री सोडतं, आणि माणसाच्या तब्येतीला रात्रीचीच उष्णता जास्त छळते. त्यासाठी अंतराळ स्थानकावरच्या इकोस्ट्रेसची रात्रीची चित्रं पाहा. ती सुमारे ७० मीटरची असतात. आणि चकचकीत पत्र्याची छपरं: त्यांची उत्सर्जकता (उष्णता किरणांच्या रूपात बाहेर टाकण्याची क्षमता) कमी असल्यानं संवेदकाला ती आहेत त्यापेक्षा बरीच थंड दिसतात. नेमक्या ज्या घरांत उकाडा सर्वाधिक, तीच वस्ती नकाशात निळी येऊ शकते. असे पत्रे असलेल्या वस्त्या वेगळ्या आखून घ्या आणि तिथे घरात तापमापी ठेवून मोजा. उपग्रहाच्या आकड्यावरून त्यांना यादीतून वगळणं हा अन्याय होईल.

हिरवाई, आणि २५ जानेवारी २०२२

सेंटिनेल-२ उपग्रहाच्या चित्रांवरून एनडीव्हीआय, म्हणजे हिरवाईचा निर्देशांक, काढणं सोपं आहे: जवळच्या अवरक्त पट्ट्यातून लाल पट्टा वजा, भागिले दोघांची बेरीज. दोन्ही पट्टे १० मीटरचे. पण २५ जानेवारी २०२२पासून या डेटाच्या प्रक्रियेत बदल झाला आणि प्रत्येक आकड्यात १००० मिळवले जाऊ लागले. ते वजा न करता जुन्या-नव्या वर्षांची तुलना केली तर काय होतं? तेच झाड, लाल ५०० आणि अवरक्त ३०००: एनडीव्हीआय ०.७१. नव्या पद्धतीत आकडे १५०० आणि ४०००: एनडीव्हीआय ०.४५. एकही फांदी न तोडता शहराची हिरवाई कागदावर कोसळते. अर्थ इंजिनवर "हार्मोनाइज्ड" संच घ्या, किंवा स्वतः १००० वजा करा. २०२१ आणि २०२२च्या मध्ये अचानक पडलेली पायरी दिसली की आधी हेच तपासा.

एनडीव्हीआयला गवत आणि झाड यांतला फरक कळत नाही, आणि ५ मीटर पसाऱ्याचं झाड १० मीटरच्या पिक्सेलचा जेमतेम पाचवा भाग व्यापतं. झाडांच्या छत्राची टक्केवारी हवी असेल तर बारीक चित्रावर यादृच्छिक बिंदू टाकून प्रत्येक बिंदू डोळ्यांनी पाहणं ही जुनी पद्धत आजही सर्वांत भरवशाची आहे. ५०० बिंदूंपैकी २० टक्के छत्रावर पडले तर प्रमाण त्रुटी १.८ टक्के, म्हणजे खरा आकडा बहुधा १६.५ ते २३.५च्या मध्ये. एका माणसाचं दोन दिवसांचं काम आहे, आणि उत्तराबरोबर त्याची चूकही हातात येते. पाच वर्षांनी मोजायचं तर तेच बिंदू ठेवा.

बागेपर्यंतचं अंतर काढताना बागेभोवती वर्तुळ काढू नका. रस्त्यांच्या जाळ्यावरून चालत जाण्याचं अंतर काढा, आणि तेही बागेच्या मध्यबिंदूपासून नव्हे तर प्रवेशद्वारांपासून. नाला, रेल्वे किंवा लांबलचक भिंत मध्ये आली की ३०० मीटरच्या वर्तुळातलं घर चालत ९०० मीटरवर निघतं. मग असंही दिसतं की नवी बाग करण्यापेक्षा मागच्या भिंतीला एक दार पाडलं तर जास्त घरं आवाक्यात येतात.

वर्गीकरण, भारांक आणि रंग

दोन वर्षांचे भूवापराचे नकाशे एकमेकांतून वजा करून "बदल" दाखवण्याआधी त्यांची अचूकता पाहा. प्रत्येक नकाशा ८५ टक्के बरोबर असेल तर दोन्ही एकाच जागी बरोबर असण्याची शक्यता साधारण ७२ टक्के. खरा बदल ५ टक्के असेल तर तो या गोंधळात बुडून जातो. प्रत्येक वर्गासाठी निदान ५० तपासणी बिंदू ठेवा, आणि एकूण अचूकतेबरोबर वर्गनिहाय अचूकताही लिहा. ईएसए वर्ल्डकव्हरचे २०२० आणि २०२१चे नकाशे वेगवेगळ्या पद्धतीनं बनलेले आहेत. त्यांतला फरक म्हणजे जमिनीवरचा बदल असं समजू नका.

प्राधान्यक्रमासाठी थरांना भारांक (महत्त्वानुसार वजन) देऊन बेरीज करणं सगळेच करतात. त्यात दोन छिद्रं राहतात. पृष्ठतापमान, एनडीव्हीआय आणि बांधकामाची घनता हे तिन्ही एकमेकांशी घट्ट बांधलेले असतात. तिघांना २०-२० टक्के दिले म्हणजे एकाच गोष्टीला ६० टक्के दिले. आधी थरांचा परस्परसंबंध तपासा आणि त्यातला एकच ठेवा. दुसरं, किमान-कमाल पद्धतीनं ० ते १ मध्ये आणताना एकच कारखान्याचं तापलेलं छप्पर सगळ्या शहराला ०.३च्या खाली दाबून टाकतं. त्याऐवजी शतमक (शंभरातला क्रम) वापरा. शेवटी प्रत्येक भारांक २० टक्क्यांनी वर-खाली करून यादी पुन्हा काढा. प्रत्येक वेळी वरच्या दहात राहणाऱ्या वस्त्या निःशंक घ्या, आत-बाहेर करणाऱ्यांची पाहणी करून ठरवा. प्रभागाची सरासरी तर शेवटीच काढा, कारण मोठ्या बागेमुळे थंड दिसणाऱ्या प्रभागाच्या कोपऱ्यातली होरपळणारी वस्ती त्या सरासरीत नाहीशी होते.

हवेच्या प्रदूषणाबद्दल एवढंच: शहरात सहा-सात मोजणी केंद्रं असतील तर त्यांमधून रंगीत पृष्ठभाग काढू नका. प्रत्येक केंद्राभोवती कढईसारखी वर्तुळं येतात, ती सूत्राची असतात, हवेची नाहीत. सेंटिनेल-५पीचा नायट्रोजन डायऑक्साइडचा पिक्सेल ५.५ गुणिले ३.५ किलोमीटरचा आहे. रस्त्यांची तुलना त्यावर होऊ शकत नाही. बिंदू बिंदूच दाखवा.

दोन वर्षांचे नकाशे शेजारी ठेवताना रंगांच्या सीमा हातानं सारख्या करा. सॉफ्टवेअर प्रत्येक थराला स्वतःची वेगळी मोजपट्टी लावतं. लाल-हिरवी जोडी टाळा, ती काहींना वेगळी दिसतच नाही.

आणि पाणी तुंबण्याच्या नकाशाची पडताळणी ऑफिसात बसून होत नाही. क्यूफील्ड हे नकाशावर नोंदी करण्याचं अ‍ॅप फोनवर टाकून जोरदार पावसानंतर लगेच बाहेर पडा. पाण्याची खूण भिंतीवर दिसते. तिची उंची रस्त्यापासून मोजू नका, जवळच्या मॅनहोलच्या झाकणापासून मोजा, कारण झाकणाची लेव्हल तुमच्याकडे आहे. दोन्हींची बेरीज म्हणजे पाण्याची प्रत्यक्ष पातळी. उंच इमारतींमध्ये फोनची जागा पाच-दहा मीटर इकडेतिकडे सरकते, म्हणून मॅनहोलचा क्रमांकही लिहून घ्या. एकाच रस्त्यावर निदान तीन ठिकाणी असं मोजा. तिन्ही पातळ्या सारख्या आल्या तर पाणी तळ्यासारखं उभं होतं आणि अडथळा खालच्या अंगाला आहे: मोरी, गाळ किंवा बुडालेलं तोंड. पातळी रस्त्याबरोबर उतरत गेली असेल तर पाणी वाहत होतं आणि गटाराची क्षमताच कमी आहे. पहिल्या स्थितीत रस्त्याखाली मोठा पाइप टाकून काहीही उपयोग होणार नाही.